मास्तरांचे माप

आश्विन सरत आला की आमच्या तळवलीतल्या म्हाताऱ्या माणसांना भाताची आठवण होते. आता इथे भात कुठे राहिले आहे? १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचे ठरले, आणि ठाण्याच्या खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या शेतांत बघता बघता कारखाने, रस्ते नि इमारती उभ्या राहिल्या. तरीसुद्धा दिवाळी तोंडावर आली की आमच्या शेजारचे आजोबा ओट्यावर येऊन बसतात आणि समोरच्या सातमजली इमारतीकडे पाहत सांगतात, की इथे अमक्याचे खाचर होते, तिथे बांध होता, आणि बांध फुटला की खाडीचे खारे पाणी कुठवर शिरत असे.

एका दिवाळीत मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो होतो. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "मास्तर, सणाचं तोंड असं का?"

तोंड तसे असायला कारण होते. मी मॅट्रिक झालेला माणूस. कादंबऱ्या लिहितो, पण त्यांवर घर चालत नाही. आधी शिकवण्या केल्या, मग एका लहानशा खाजगी शाळेत चौथीच्या वर्गावर लागलो. शाळेचे नाव सांगत नाही; त्याची काही गरजही नाही. त्या वर्षी चालकांनी शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता लावला होता. डावीकडे शिक्षकांची नावे, उजवीकडे ज्याच्या त्याच्या वर्गाच्या सहामाही निकालाची टक्केवारी. सगळ्यांत वर ज्यांचे नाव, त्यांना पगारवाढ आधी. सगळ्यांत खाली माझे नाव होते.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमचा सावकार असाच होता. खंड सगळ्यांना सारखा. वरच्या अंगाला गोड्या जमिनीत भात करणारा नि खाली खाजणाला बांध राखीत मरणारा, दोघांनी सारखंच माप घालायचं. अरे, भात मोजायचं तर आधी शेत बघावं लागतं!"

आजोबा कधी शाळेत गेले नव्हते. पण जगातल्या शिक्षणखात्यांनी ज्या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षे डोके खाजवले, तो प्रश्न त्यांनी एका वाक्यात माझ्यापुढे ठेवला. मुले काय शिकली त्यावरून मास्तराची किंमत करावी काय? आणि करायची तर कोणत्या मापाने? तेव्हापासून मला या मापाच्या इतिहासाचा नाद लागला. त्याचीच ही हकीकत.

*

आपल्याकडचे जुने पंतोजी या कचाट्यातून सुटलेले होते, असे कोणी समजू नये. सरकारी पगार त्यांना नव्हताच. मुलांच्या घरून येईल ते धान्य, सणावारी शिधा, थोडीबहुत नाणी, यांवर त्यांचा संसार. धुळपाटीवर अक्षरे गिरवणारा मुलगा मोडी वाचू लागला, पावकी-निमकी घडाघडा म्हणू लागला, की आईबापांना दिसत असे. पोरगा काहीच शिकला नाही तर शिधा आटे. म्हणजे माप तेव्हाही होते. पण ते ज्याचे त्याच्या घरी, रोजच्या डोळ्यांपुढे. परका मनुष्य वर्षातून एकदा येऊन ते लावीत नसे.

परका मनुष्य आला तो विलायतेहून. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो नावाच्या मुत्सद्द्याने प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी नवी नियमावली जारी केली. सरकारचा शाळांवरचा खर्च वाढत चालला होता आणि गरिबांची मुले त्या मानाने शिकत नाहीत अशी तक्रार होती. लोसाहेबांचे म्हणणे असे, की ही शिक्षणपद्धती स्वस्त तरी ठरेल, नाहीतर कार्यक्षम तरी ठरेल. हिशेब सरळ होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग. जे मूल दोनशेहून अधिक वेळा हजर असेल आणि इन्स्पेक्टरापुढे वाचन, लेखन व अंकगणित या तिन्हींत उतरेल, त्याच्यापोटी आणखी आठ शिलिंग. एका विषयात नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. पैसा चालकांच्या हाती जाई, पण मास्तराचा पगार त्यातूनच निघायचा. तेव्हा एका पोराने वजाबाकी चुकवली, तर ती मास्तराच्या भाकरीतून वजा व्हायची.

या योजनेचा परिणाम काय झाला? अगदीच वाईट झाला असे म्हणता येणार नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांकडे, जी पूर्वी कोणाच्या खिजगणतीत नव्हती, मास्तरांना लक्ष द्यावे लागले. पण दुसरीकडे भूगोल, इतिहास, गाणे, चित्रकला यांना पैसा नव्हता, म्हणून ती मागे पडली. वाचनाचे पुस्तक आधीपासून ठाऊक असे. तेव्हा मुलांकडून ते सगळे पाठच करून घ्यायचे. इन्स्पेक्टर पुस्तक उघडी आणि पोर न पाहता घडघड म्हणे! इंग्रजी कवी मॅथ्यू आर्नल्ड हा पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने आपल्या अहवालांतून या पद्धतीवर कडक टीका केली, की हिने शिक्षण यंत्रासारखे होत चालले आहे. तरी ती पद्धत तीस वर्षे टिकली. १८९० नंतर हळूहळू तिला मूठमाती मिळाली.

*

विलायतेत जे पिकेल ते इकडे यायचेच, तो काळ तसा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व आपल्याकडे आणलेच होते. पुढे मुंबई इलाख्यातही अनुदानाचा मोठा भाग परीक्षेच्या निकालावर ठरू लागला. वर्षातून एकदा दिपोटी येणार, पोरांना उभे करून प्रश्न विचारणार, आणि उतरलेल्या पोरांच्या संख्येवर शाळेचा वर्षभराचा पैसा ठरणार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून दिपोटीच्या धाकाचे जे किस्से ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी हा आणा-पैशांचा हिशेबही होता.

अशा वेळी, १८८२ साली, विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. आपल्याकडचे काशीनाथ त्र्यंबक तेलंग त्याचे एक सभासद होते. या कमिशनपुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक निवेदन गेले. ते महात्मा जोतीराव फुले यांचे.

हे निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. पण मास्तर या नात्याने मी ते वाचले तेव्हा मला त्यात आणखी काही सापडले. जोतीराव नुसते तक्रार करीत नाहीत. ते शाळा चालवलेला माणूस बोलावा तसे बोलतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून, सावित्रीबाईंना शिकवून, अंगावर शेणमाती झेलून त्या दोघांनी जे उभे केले, त्याबद्दल १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी मिळाली होती. मुलांची प्रगती हे शिक्षकाच्या कामाचे फळ आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

म्हणून ते कमिशनला सांगतात, की खेड्यातल्या मास्तराला निदान बारा रुपये पगार असावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा; आणि ज्याची पुष्कळ मुले पास होतील, त्याला पगाराशिवाय उत्तेजन म्हणून काही खास भत्ता मिळावा. तपासणीचीही त्यांना भीती नाही. वर्षातून एकदा दिपोटी येऊन काय होणार? निदान दर तीन महिन्यांनी शाळा तपासावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता यावे, असे त्यांचे म्हणणे.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, की जोतीराव लोसाहेबांच्याच पंक्तीला बसले. पण त्याच निवेदनात ते निकालावर पैसा देण्याच्या पद्धतीबद्दल निराळे सांगतात. गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांत शिक्षण वाढवायला ही पद्धत उपयोगाची नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही. तेव्हा निकालाच्या भरवशावर अशा वस्तीत शाळा काढून कोणता मास्तर पोट भरू शकेल? तिथे सरकारने स्वतःच शाळा चालवल्या पाहिजेत.

मी हा भाग पुनःपुन्हा वाचला. वरवर पाहता यात विरोध वाटतो, पण विरोध नाही. आधी मास्तराला पोटापुरते पक्के द्या. त्यावर चांगल्या कामाचे बक्षीस द्या. बक्षीस निराळे आणि भाकरी निराळी. भाकरीच निकालावर टांगली, तर मास्तर खाजणात पाऊल टाकणार नाही. तो वरच्या अंगाची गोडी जमीनच शोधीत जाईल. आमच्या शेजारच्या आजोबांचे म्हणणे याहून वेगळे काय होते?

कमिशनच्या लोकांनाही हे थोडेफार उमगले असावे. त्यांनी प्राथमिक शाळांची मदत साधारणपणे परीक्षेच्या निकालावरच ठेवावी अशी शिफारस केली, पण मागासलेल्या भागांतल्या किंवा विशेष परिस्थितीतल्या शाळांना अपवाद ठेवला. पुढे १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव केला, तेव्हा निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत टाकून देण्यात आली.

*

पण कल्पना मरत नाहीत. त्या कपडे बदलून परत येतात.

लोसाहेबांच्या मापातली मुख्य खोट ही, की मूल शेवटी कुठे पोचले एवढेच ते पाही. निघाले कुठून, हे पाहत नसे. ज्या घरी आई रोज अभ्यास घेते तिथले मूल आणि ज्याने जूनमध्ये प्रथमच पाटी धरली ते मूल, यांना एकच गज. मग अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या शेतकी शाखेत संख्याशास्त्राचे काम करणारे विल्यम सँडर्स नावाचे गृहस्थ पुढे आले. त्यांनी सुचवले, की त्याच मुलाचे मागील वर्षांचे गुण घ्या, त्यावरून यंदा त्याने किती मिळवायला हवे होते ते काढा, आणि प्रत्यक्षात त्याहून किती जास्त वा कमी मिळवले ते पाहा. तो फरक म्हणजे मास्तराची करामत. १९९२ साली टेनेसी राज्याने कायद्याने ही रीत स्वीकारली आणि पुढे ती इतर राज्यांत पसरली. शेतकीतला माणूस असल्यामुळेच की काय, आधी शेत बघावे हे त्यांना सुचले!

कल्पना उत्तम. तिच्यामुळे खाजणातल्या मास्तराला प्रथमच न्याय मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पण हे माप भल्याभल्यांच्या हातून निसटले. वर्गात तीसच मुले. त्यांतल्या दोघांना परीक्षेच्या दिवशी ताप आला, एकाच्या घरी भांडण झाले, तरी आकडा हलतो. एकाच मास्तराचा आकडा एका वर्षी वर, तर पुढच्या वर्षी खाली. २०१४ साली अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच जाहीर इशारा दिला, की मुलामुलांच्या गुणांत जे कमीजास्तपण दिसते, त्यातला शिक्षकाचा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के एवढाच निघतो. बाकीचे घर, वस्ती, शाळेची स्थिती आणि मापाबाहेरच्या गोष्टी. ह्यूस्टन शहरात शिक्षक कोर्टात गेले. आम्हाला ज्या गणिताने नालायक ठरवता ते गणितच गुप्त आहे, आम्ही ते ताडून कसे पाहायचे, हा त्यांचा सवाल होता. २०१७ साली न्यायाधीशांनी त्या सवालात तथ्य मानले.

आणि जिथे नुसत्या गुणांचा धाक बसला तिथे काय झाले, ते अटलांटा शहराने दाखवले. २००९ च्या परीक्षेत मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनीच खोडून दुरुस्त केल्याचे प्रकरण बाहेर आले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक यांची नावे गुंतलेली निघाली. विलायतेतल्या पाठ केलेल्या पुस्तकाचीच ही पुढची आवृत्ती.

तरी एका बाजूचेच सांगणे बरे नव्हे. २००५ पासून त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशात खेड्यांतल्या सरकारी शाळांवर एक मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. पगाराला हात लावायचा नाही. मुलांच्या सरासरी गुणांत ५ टक्क्यांच्या वर जितकी वाढ होईल, त्या दर टक्क्यामागे शिक्षकाला ५०० रुपये बक्षीस. बक्षिसाची रक्कम वर्षाच्या पगाराच्या मानाने सरासरी शेकडा तीनच्या आसपासच पडली. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे गेलेली दिसली. एवढेच नव्हे, ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. भाकरी पक्की आणि वर वाढीचे बक्षीस! १८८२ च्या निवेदनातला तो खास भत्ता मला इथे आठवल्यावाचून राहिला नाही.

आमच्या महाराष्ट्रातही हा खेळ झाला आहे. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला. वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी घ्यायची, मूल कुठे आहे ते पाहायचे, आणि तिथून पुढे न्यायचे. यातले तत्त्व सोन्यासारखे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी निर्णय निघाला, की बारा आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी हवी असेल, तर शिक्षकाची शाळा 'प्रगत' असली पाहिजे आणि तिला 'अ' श्रेणी मिळालेली असली पाहिजे. शिक्षकांत एकच गदारोळ उठला. बारा वर्षे मी राबलो, पण माझ्या शाळेची श्रेणी माझ्या एकट्याच्या हाती आहे काय? पुढे ती अट काढून टाकावी लागली. मूल समजून घेण्यासाठी केलेली चाचणी पगाराला जोडली, की तीत खरे आकडे लिहिण्याची इच्छा कोणाला उरेल?

*

हे सगळे मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता माझे सांगतो; ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तक्त्यात शेवटचे नाव लागलेल्या त्या वर्षी, दिवाळीची सुटी संपल्यावर, माझ्या वर्गात एक मुलगा आला. बाप मराठवाड्यातून बांधकामाच्या कामावर आलेला. चौथीच्या वयाचा पोरगा, पण त्याला जोडाक्षर दिसले की तो थांबे. हातचा घेऊन बेरीज येत नव्हती. मी त्याला मधल्या सुटीत घेऊन बसू लागलो. माघात तो अडखळत का होईना, एक सबंध धडा वाचू लागला. फाल्गुनात एके दिवशी वाण्याच्या दुकानावरची पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवून तो माझ्याकडे बघून हसला. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने त्या वर्षात एवढी मजल मारली नव्हती.

पण वार्षिक परीक्षेत तो पास होणार नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होते. आमच्या शाळेत गैरहजर मुले टक्केवारीत धरीत नसत. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्याला जवळ बोलावले आणि म्हणालो, "उद्या नाही आलास तरी चालेल बाळ."

त्याने का म्हणून विचारले नाही. मान हलवली आणि गेला. माझे नाव तक्त्यात चार ओळी वर चढले. पगारवाढही मिळाली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. इमारत पुरी झाली होती. बाप दुसऱ्या कामावर गेला होता. कुठे, ते इमारतीच्या रखवालदारालाही सांगता आले नाही. अटलांटाच्या मास्तरांची हकीकत मी पुढे वाचली, तेव्हा त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. त्यांनी रबर वापरले होते. मी एक मूलच खोडले होते.

तो तक्ता दोन वर्षांनी भिंतीवरून निघाला. का निघाला, ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी मात्र तेव्हापासून एक वही ठेवली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात दर मुलाकडून एका कागदावर चार ओळी नि चार गणिते लिहून घेतो आणि तो कागद वहीत चिकटवतो. समोरचे पान कोरे ठेवतो. मार्चअखेर पुन्हा तसेच लिहून घेऊन त्या कोऱ्या पानावर चिकटवतो, आणि दोन्ही पाने शेजारीशेजारी ठेवून पाहतो. ज्याची दोन पाने सारखीच दिसतात, त्याच्या बाबतीत मी काय चुकलो याचा विचार करतो. पालक आले तर त्यांनाही दाखवतो. वही चालकांना हवी असेल तर खुशाल पाहावी. झाकून ठेवण्यासारखे तीत काही नाही. पण तिच्यावरून कोणाचा पगार ठरणार असे उद्या झाले, तर जूनचे पान मुद्दाम वाईट लिहून घेण्याचा मोह मला होणारच नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी स्वतःला ओळखतो.

परवा ही वही आजोबांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही. पण त्यांनी डावीकडचे पान पाहिले, उजवीकडचे पाहिले, आणि एका पानावर बोट ठेवून विचारले, "इथं हा कागद एकच का?"

ते त्या मुलाचे पान. त्याचा जूनचा कागद नव्हता, कारण तो उशिरा आला होता. आणि मार्चचा नव्हता, कारण त्याला मीच घरी ठेवले होते. त्याच्या जुन्या पाठवहीतले एक पान तेवढे माझ्याकडे राहिले होते, ते मी नंतर वहीच्या आरंभी चिकटवून ठेवले आहे.

आजोबांना मी ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही माझ्या हातात देत म्हणाले, "समोरचं पान कोरंच राहू दे."

ते कोरेच आहे.